शब्दांच्या पॉप आर्टचे फ्रेम केलेले प्रिंट घ्यायचे आहे. नेमके काय पाहून घ्यावे?

नवी भिंत (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही गंगापूर रोडवरील नव्या घरात राहायला आलो. दिवाणखान्यातील मोठी भिंत अजून रिकामी आहे आणि तिथे निसर्गचित्र किंवा घड्याळ लावण्यापेक्षा एखादा शब्द असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. माझे वडील मेन रोड आणि रविवार कारंजा परिसरातील दुकानांच्या पाट्या हाताने रंगवीत असत. खडू लावलेली दोरी पत्र्यावर ताणून मारलेली पहिली रेघ आणि तिच्या आधाराने उभे राहणारे अक्षर पाहत मी वाढले, त्यामुळे अक्षर हेच चित्र असू शकते, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. पुढे कॉलेजात असताना एका पुस्तकात अमेरिकन चित्रकार रॉबर्ट इंडियाना यांची ‘लव्ह’ ही रचना पाहिली. इंग्रजीतील चार अक्षरे, दोन वर आणि दोन खाली, त्यांतील ‘ओ’ उजवीकडे कललेला, आणि लाल, निळा व हिरवा एवढेच रंग. त्याच पुस्तकात दुसरे अमेरिकन चित्रकार एड रुशे यांचे निळ्यावर पिवळ्या अक्षरांतील ‘ऊफ’ होते. तेव्हापासून शब्दांच्या पॉप आर्टचे, म्हणजे जाहिरातीसारख्या ठळक शब्दाचेच एखादे चित्र घरात असावे, ही इच्छा मनात आहे.

मूळ चित्र घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे उघड आहे. फ्रेमसह पंचवीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एका संकेतस्थळावर साठ सेंटिमीटर चौरस आकाराचे, काचेसह फ्रेम केलेले ‘फाइन आर्ट प्रिंट’ साधारण नऊ हजारांना मिळते. परदेशातील एका संग्रहालयाच्या दुकानातून पोस्टर मागवता येते, मात्र ते फ्रेमशिवाय येईल. तिसरा पर्याय आमच्याच भागातील एका डिजिटल छपाईच्या दुकानाने सुचवला: इंटरनेटवरील प्रतिमा उतरवून ते कॅनव्हासवर अठराशे रुपयांत छापून देतील.

‘फाइन आर्ट प्रिंट’ या शब्दाखाली नेमके काय विकले जाते, फ्रेम तयार घ्यावी की इथे करून घ्यावी, आणि आमच्या खोलीला पश्चिमेची खिडक्या असलेली भिंत आहे, तर ऊन व पावसाळ्यातील ओल यांचा विचार कसा करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जाळी आणि शाई (नाशिकरोड)

ताई, वडिलांच्या पाट्यांचा उल्लेख वाचून बरे वाटले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. पाटी रंगवणाऱ्याचे कौशल्य अक्षराच्या कडेत दिसते. ब्रश एका दमात फिरला की कड स्वच्छ येते आणि हात थबकला की ती थरथरते. शब्दांच्या पॉप आर्टमध्येही अक्षराची कड आणि तिच्या आतला सपाट, एकसंध रंग या दोनच गोष्टींवर सगळे चित्र उभे असते. निसर्गचित्राच्या छपाईत थोडी उणीव राहिली तरी झाडापानांत ती लपते, परंतु लाल अक्षर निळ्याला जिथे टेकते तिथे उणिवेला लपायला जागाच नसते. म्हणून या प्रकारात पहिला खर्च छपाईवर आणि त्यानंतरचा फ्रेमवर करावा, असे माझे ठाम मत आहे.

मी नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून निवृत्त झालो. १९२५ साली ते उभे राहिले. त्यापूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून येत असत. तिथल्या नोकरीने मला एकच सवय लावली: छापलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल मत देण्यापूर्वी ती भिंगाखाली पाहणे. तुम्हीही घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणा. तिकिटे जमवणाऱ्यांकडेही ते असते.

त्या भिंगाखाली ऑफसेटचे, म्हणजे छापखान्यात मोठ्या संख्येने यंत्रावर छापलेले पोस्टर पाहिले, तर लाल रंग लाल दिसणार नाही. गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांची फुलासारखी जाळी दिसेल आणि अक्षराची कड बारीक दातेरी असेल. दुसरा प्रकार ‘जिक्ले’ नावाने विकला जातो. फ्रेंच भाषेतील फवारण्याच्या क्रियापदावरून हा शब्द १९९१ साली अमेरिकेत जॅक दुगान या मुद्रकाने रूढ केला. हे मुळात इंकजेट मुद्रण आहे. चांगल्या कामात रंगद्रव्याची टिकाऊ शाई आणि पूर्ण कापसाचा आम्लविरहित कागद वापरतात. भिंगाखाली ठिपक्यांची फुले न दिसता अतिसूक्ष्म तुषार दिसतात. तिसरा प्रकार म्हणजे स्क्रीनप्रिंट. त्यात प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी असते, शाई स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने ओढून जाळीतून थेट कागदावर उतरते, आणि लाल म्हणजे खरोखरच लाल शाईचा जाडसर थर असतो. कागद उजेडात तिरका धरला की तो थर डोळ्यांना जाणवतो. दोन रंग जिथे भेटतात तिथे एक रंग दुसऱ्यावर केसभर चढलेला असतो आणि तिथे किंचित गडद रेघ दिसते. अनेक जण तिला दोष समजतात, पण ती त्या छपाईची खूण आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, या कलेतील पुष्कळसे काम स्क्रीनप्रिंटच्या अंगानेच घडले. लॉस एंजेलिसमधील कोरिटा केंट या तेव्हा ख्रिस्ती जोगीण असलेल्या शिक्षिकेने पावाच्या वेष्टनावरील आणि जाहिरातींमधील शब्द उचलून १९६० च्या दशकात स्क्रीनप्रिंट काढले, आणि चित्र सामान्य माणसाला परवडावे म्हणूनच हे माध्यम जवळ केले. रुशे यांनी १९६६ साली पेट्रोल पंपाचे स्क्रीनप्रिंट काढताना एकाच जाळीवर दोन शाया शेजारी ओतून एकत्र ओढल्या, त्यामुळे आकाशाचा रंग एकातून दुसऱ्यात विरघळत गेला. ज्याने हातात स्क्वीजी धरली आहे, त्यालाच त्यातील धाडस कळेल, कारण प्रत्येक ओढीला शाया थोड्या अधिक मिसळतात आणि कुठलीही प्रत आधीच्या प्रतीसारखी तंतोतंत येत नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. अठराशे रुपयांचा कॅनव्हास घेऊ नये. साठ सेंटिमीटरच्या छपाईला इंचाला तीनशे बिंदू या हिशेबाने सुमारे सात हजार पिक्सेल लागतात. इंटरनेटवरून उतरवलेली प्रतिमा बाराशे पिक्सेलची असेल, तर इंचाला जेमतेम पन्नास बिंदू मिळतील आणि अक्षराची कड धुरकट होईल. त्यातच कॅनव्हासचे विणकाम ती कड आणखी खरखरीत करते. संकेतस्थळावरील पर्यायाबाबत विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: छपाईची पद्धत, कागदाचे नाव व वजन, आणि हे चित्र छापण्याची परवानगी कुणाकडून घेतली आहे. त्याबरोबर अक्षराच्या कडेचे अगदी जवळून, तिरक्या उजेडात काढलेले छायाचित्र मागा. चांगला विक्रेता ते आनंदाने पाठवतो.

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांवर भुलू नका. खऱ्या मुद्राचित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला १२/७५ असा आकडा असतो, म्हणजे पंचाहत्तर प्रतींपैकी बारावी. चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रतींवर ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) असे लिहिलेले असते. सही पेन्सिलीची आहे की चित्राबरोबरच छापलेली आहे, हे भिंगाखाली लगेच समजते. आपल्याकडील सीमाशुल्काच्या वर्गवारीतही ही रेषा आखलेली आहे. मूळ मुद्राचित्रे ९७०२ या शीर्षकाखाली येतात, आणि त्यासाठी पट्टी किंवा प्लेट चित्रकाराने हाताने घडवलेली असणे आवश्यक आहे. यांत्रिक किंवा प्रकाशयांत्रिक पद्धतीने काढलेली छपाई त्यात धरली जात नाही. परदेशातून पोस्टर मागवले, तर ते छापील चित्र म्हणूनच येईल आणि त्यावर कुरियरवाला सीमाशुल्क व वस्तू-सेवा कर वसूल करील, हे अंदाजपत्रकात धरून ठेवा.

तसबिरीचा कारागीर (रविवार कारंजा)

वरील काकांनी छपाईबद्दल लिहिले आहे, त्यात मी भर घालणार नाही. आमचे दुकान देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो यांवर चालते, परंतु गेल्या काही वर्षांत कागदावरील चित्रेही बरीच येऊ लागली आहेत, आणि खराब झालेली चित्रे उघडताना जे पाहिले तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट माउंटची, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या, मध्ये खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याची. इंडियाना यांच्या त्या रचनेत अक्षरे चौकोनाच्या चारही कडांना भिडलेली आहेत. नेहमीच्या पद्धतीने माउंट कापला, तर तो चित्रावर सर्व बाजूंनी चार-पाच मिलिमीटर चढतो आणि अक्षरांचे पाय कापले जातात. अशा चित्राला कागदाच्या चारही कडा दिसतील अशा रीतीने मागच्या बोर्डावर उचलून बसवावे लागते. तयार फ्रेममध्ये हे क्वचितच केलेले असते, आणि शब्दाच्या चित्रात एवढी चूकही रोज डोळ्यांत खुपते. चित्राला पांढरा समास सोडलेला असेल, तर माउंटची खिडकी समासात पडेल, सही व आकडा उघडा राहील, एवढे पाहावे.

दुसरी गोष्ट चिकटवण्याची. सेलोटेप, फेव्हिकॉल, फवारायचा गोंद यांपैकी काहीही चित्राच्या कागदाला लागता कामा नये. सेलोटेपचा डाग काही वर्षांत पिवळा पडून पुढच्या बाजूने दिसू लागतो आणि तो जात नाही. चांगल्या कामात जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावतात आणि बाकीचा कागद मोकळा सोडतात, म्हणजे हवेतील दमटपणाप्रमाणे त्याला पसरायला आणि आकसायला जागा मिळते. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद पहिल्याच पावसाळ्यात लाटांसारखा उठतो. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लविरहित घ्यावा. साध्या बोर्डातील आम्लामुळे चित्राच्या कडेभोवती तपकिरी चौकट उमटते.

काच चित्राच्या कागदाला टेकता कामा नये. मध्ये तीन ते पाच मिलिमीटरची पट्टी घालावी. स्क्रीनप्रिंटची जाड शाई काचेला चिकटली, तर ती सोडवताना रंग निघून येतो. साठ सेंटिमीटरपर्यंत साधी काच चालेल, पण तुम्ही नव्वद सेंटिमीटर चौरस चित्र घेतलेत, तर तीन मिलिमीटरची काचच सहा किलोची होते. तेवढ्याच जाडीचे अॅक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) त्याच्या निम्म्या वजनाचे असते, फुटत नाही, आणि अतिनील किरण अडवणारे अॅक्रिलिकही मिळते. तुमच्या खोलीत पश्चिमेचे ऊन येते म्हणून मी तेच सुचवीन. तरीही ते चित्र थेट उन्हात लावू नये, कारण कोणतेही अॅक्रिलिक दृश्य उजेड अडवत नाही आणि त्या उजेडानेही रंग उतरतो.

ओलीसाठी एक साधी परीक्षा आहे. भिंतीवर दीड-दोन फूट चौरसाचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा भिंत गडद झाली, तर त्या भिंतीत ओल आहे आणि तिथे कागदाचे चित्र लावू नये. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतींवर लोणा धरतो, तो याच ओलीचा. भिंत कोरडी असली तरी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावून हवा खेळायला जागा ठेवावी. कसर आणि बुरशी यांना अंधार, ओल आणि खळ तिन्ही आवडतात, म्हणून मागची बाजू कागदाने नीट बंद करावी आणि वर्षातून एकदा चित्र उतरवून पाहावे.

टांगताना एका खिळ्याऐवजी दोन गिट्ट्या व दोन हूक वापरा, म्हणजे चौकोन तिरका होत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर यावा. सोफ्यावर लावायचे असेल, तर सोफ्याच्या पाठीपासून एक वीत अंतर पुरे.

पंचवटीकर

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, आणि काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून मांडतो. पॉप आर्ट जन्मालाच मुळी छापील वस्तूंच्या जगातून आली. अमेरिकन पॉप चित्रकार रॉय लिख्टनश्टाइन यांनी तर स्वस्त छपाईतील ठिपकेच मोठे करून हाताने रंगवले. ‘लव्ह’ ही रचना लोकांपर्यंत पोचली ती १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या नाताळ कार्डावरून आणि १९७३ साली अमेरिकेच्या आठ सेंटच्या टपाल तिकिटावरून, ज्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या. मग संग्रहालयाने अधिकृतपणे छापलेल्या ऑफसेट पोस्टरला कमी का लेखावे? ते पोस्टर स्वतःला मूळ मुद्राचित्र म्हणवत नाही, त्याची किंमतही त्याच मानाने असते, आणि उरलेले पैसे चांगल्या फ्रेमला वापरता येतात. माझ्या घरी असे एक पोस्टर अकरा वर्षे आहे, उत्तरेच्या भिंतीवर, आणि त्याचा रंग आजही मला समाधान देतो.

इंटरनेटवरून उतरवून छापण्याच्या पर्यायाला मात्र माझाही विरोध आहे, आणि तो केवळ धुरकट कडेमुळे नाही. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार कलाकृतीचा स्वामित्वहक्क कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. लिख्टनश्टाइन १९९७ साली वारले, म्हणजे २०५७ संपेपर्यंत त्यांच्या कामाची प्रत परवानगीशिवाय छापून विकता येत नाही. इंडियाना यांनी ‘लव्ह’वर हक्काची सूचना वेळीच छापली नाही आणि तिच्या नकलांचा जगभर पूर आला, त्या नकलांतून त्यांना काही मिळाले नाही, उलट हेच त्यांचे धंदेवाईक काम असा ग्रह मात्र पसरला. ज्या कलावंताचे काम आपल्याला भिंतीवर हवेसे वाटते, त्याच्या बाबतीत तरी आपण त्या नकलांत भर घालू नये.

जाळी आणि शाई (नाशिकरोड)

पंचवटीकर, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. संग्रहालयाचे पोस्टर ही प्रामाणिक वस्तू आहे, आणि माझ्या लिहिण्यातून तिचा अनादर झाला असेल तर तो मागे घेतो. माझी हरकत आहे ती ऑफसेटचे पोस्टर ‘फाइन आर्ट’ म्हणून जिक्लेच्या भावाने विकण्याला. आठ सेंटचे ते तिकीट माझ्याही संग्रहात आहे, आणि एवढ्याशा जागेत ती चार अक्षरे तितकीच ठसठशीत उभी राहतात, हे पाहिल्यावर रचनेची ताकद कळते.

शिरोरेषा (कॉलेज रोड)

मी उपयोजित कला शिकवते. छपाई आणि फ्रेम यांवर उत्तम चर्चा झाली आहे, परंतु शब्द कोणता, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. निसर्गचित्राकडे आपण सवयीने पाहिनासे होतो, शब्द मात्र दिसला की वाचलाच जातो. दिवाणखान्यातला शब्द तुम्ही रोज, बहुधा पुढची दहा-पंधरा वर्षे, मनातल्या मनात उच्चारणार आहात. तो इंग्रजीतच असावा का, याचा एकदा शांतपणे विचार करावा, असे मी सुचवते.

इंडियाना यांनी स्वतः ही रचना दुसऱ्या लिपीत नेली होती. १९७७ साली त्यांनी हिब्रू भाषेतील ‘अहावा’ या प्रेमवाचक शब्दाचे शिल्प केले, ते जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. हिब्रूतही त्या शब्दाची अक्षरे चार आणि ती सुटी, त्यामुळे दोनावर दोन ही मांडणी तिथे बसली. देवनागरीत तसे होत नाही. रोमन अक्षरे विटांसारखी एकमेकींवर रचता येतात. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबकळतात. ‘प्रेम’ हाच शब्द घ्या. वर मात्रा येते, खाली पकाराला जोडलेल्या रकाराची तिरकी रेघ येते, आणि दुसरे अक्षर मात्र वरखाली मोकळे राहते. चौकोनात तो शब्द बसवला, तर डाव्या बाजूला गर्दी आणि उजव्या बाजूला पोकळी होते. त्यावर तोडगा नाही असे मुळीच नाही, पण तो इंग्रजी रचनेची नक्कल करून मिळत नाही, अक्षरांच्या आतील आणि मधल्या पोकळ्यांना रंग देऊन, शिरोरेषा जाड करून किंवा तोडून शोधावा लागतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांची जी अक्षरे घडवली, त्यांकडे या दृष्टीने पाहा. वर्तमानपत्रातील एवढ्याशा जागेत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातून सांगायचा, हे काम ते आयुष्यभर करीत राहिले. शब्द हेच चित्र, ही कल्पना आपल्याला परक्या देशातून घेण्याची गरज नव्हती, आपण फक्त ती भिंतीवर लावली नाही.

नाशिकमध्ये लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारे स्क्रीनप्रिंटचे अनेक कारागीर आहेत. त्यांपैकी एखाद्याकडे मोठी जाळी आणि संयम असेल, तर अक्षरकाराकडून शब्द घडवून घेऊन चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या कापसाच्या कागदावर तीन रंगांत वीस-पंचवीस प्रती काढता येतात. माझ्या विद्यार्थ्यांनी असे केले आहे. त्यांनी निवडलेला शब्द होता ‘घर’. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, आणि ‘घ’च्या पोटातील पोकळीत व ‘र’च्या पुढच्या मोकळ्या जागेत दोन वेगळे रंग बसले. कागद, जाळ्या आणि शाई मिळून येणारा खर्च प्रतींमध्ये वाटला गेला, तर तो तुमच्या अंदाजपत्रकात सहज बसेल. अक्षरकाराला मानधन द्या, प्रतींवर त्याची पेन्सिलीची सही आणि आकडा घ्या, आणि छापून झाल्यावर जाळ्या धुऊन टाकल्याचे लिहून घ्या, म्हणजे ती आवृत्ती खरोखरच मर्यादित राहील.

नवी भिंत (गंगापूर रोड, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. या तीन आठवड्यांत जे घडले ते लिहिते.

सराफ बाजाराजवळच्या एका घड्याळजींकडून दहापट भिंग मिळाले. संकेतस्थळाच्या विक्रेत्याला मी काकांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न विचारले. छपाईची पद्धत जिक्ले असल्याचे उत्तर आले, कागदाचे नाव आले नाही, परवानगीबद्दल काहीच लिहिले नव्हते. आग्रह केल्यावर अक्षराच्या कडेचे जवळून काढलेले छायाचित्र मिळाले आणि ते मोठे करून पाहिले, तेव्हा गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची फुले अगदी स्पष्ट दिसली. ती खरेदी मी सोडून दिली.

भिंतीची परीक्षाही केली. ज्या भिंतीवर चित्र लावायचे ठरवले होते, तिच्यावरच्या प्लास्टिकच्या आत दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब होते. ती भिंत पश्चिमेची आणि बाहेरची आहे. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली आतली भिंत मात्र कोरडी निघाली, तिथे उन्हाची तिरीपही पोचत नाही, म्हणून जागा बदलली.

आणि शब्दाबद्दल. शिरोरेषा ताई, तुमचे उत्तर वाचल्यानंतर मी दोन दिवस ‘लव्ह’ मनात म्हणून पाहिला आणि मग ‘ये’ म्हणून पाहिला. वडील कुणी दारात आले की आधी तोच शब्द म्हणत. ‘ये’ला एक मात्रा आहे, हे मला कळते. एकाच अक्षराचे चित्र उभ्या आयतात बसेल का, आणि मात्रा चौकटीच्या वरच्या कडेला भिडवली तर चालेल का, हे तुम्ही पाहून सांगाल का? संग्रहालयाचे ‘ऊफ’चे पोस्टर मी अभ्यासिकेसाठी मागवले आहे, त्याची फ्रेम रविवार कारंजावरच करून घेईन.

शिरोरेषा (कॉलेज रोड)

उभा आयत अगदी योग्य. मात्रा कडेला भिडवा, पण मग यकाराची उभी काठीही खालच्या कडेला भिडू द्या, म्हणजे अक्षर वरून खाली एका ताणात धरले जाईल. मात्रेचे वळण आणि यकाराच्या डावीकडचे वळण एकाच दिशेने वळते, त्याचा उपयोग करता येईल. रंग दोनच ठेवा. कच्चे रेखाटन झाले की मला पाठवा, मी पाहीन.

तसबिरीचा कारागीर (रविवार कारंजा)

पोस्टर आले की गुंडाळीतून काढून स्वच्छ कागदांच्या मध्ये सपाट ठेवा, वर वजन म्हणून जाड पुस्तके चालतील. फ्रेम मात्र आत्ता करू नका. सध्याच्या हवेत कागदाने ओल धरलेली असते, ती काचेमागे बंद झाली की आतल्या बाजूने बाष्प धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. पाऊस थांबून हवा कोरडी होऊ द्या, दसऱ्यानंतर घेऊन या. अॅक्रिलिक मी आत्ताच मागवून ठेवतो, त्यासाठी पोस्टरचे नेमके माप मिलिमीटरमध्ये कळवा.